सांबारवाडीचे टिपणीस

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून बाल्कनी खरवडते आहे. इथे आखातात, अल मनखूलच्या कबुतरांना इलाज नाही. जाळी लावली तर ती जाळीवर बसून घाण करतात. जुनं उलथनं, गरम पाणी, व्हिनेगर आणि नाकाला ओढणी, एवढ्यावर काम होतं. एसीचं पाणी जिथे ठिबकतं त्या कोपऱ्यात आज एक हिरवी काडी दिसली. गवत म्हणून उपटणार होते, मग जरा वाकून पाहिलं. भाताचं रोप होतं. ते कुठून आलं हे मला विचारायची गरज नव्हती. पलीकडच्या बाल्कनीत दोन हंगाम भातशेती झालेली आहे.

शेतकरी होते प्रकाश टिपणीस. शेत म्हणजे बाळाला अंघोळ घालायचा निळा टब. त्यात नर्सरीतली माती, वर पाणी, आणि त्यात संध्याकाळी स्वतः टिपणीस, बर्म्युडा गुडघ्याच्या वर ओढून, एका पायावर उभे. दोन पाय टबात मावत नव्हते. चिखलाची सवय करतोय, असं सांगायचे. अर्ध्या तासाने पाय बदलायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर चिखलाचं पाणी गळल्यावर वॉचमन वर आला, तर त्याला म्हणाले, "भाईसाब, ये रिहर्सल है." भाताला लोंब्या आल्या, टिपणिसांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बोलावून दाखवल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कबुतरांनी पीक फस्त केलं. मला वाटलं, माणूस आता गप्प बसेल.

"वहिनी, धडा मिळाला," ते म्हणाले. "पण तिथे कबुतरं नाहीत, बदकं आहेत. बदकं शिस्तीची असतात."

'तिथे' म्हणजे इंडोनेशिया. जावा बेटावर, डोंगराच्या पायथ्याशी, सुंबररेजो नावाचं भात पिकवणारं खेडं. ते नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आमच्या बिल्डिंगने त्याची सांबारवाडी केली. टिपणिसांना राग आला नाही. तेही सांबारवाडीच म्हणू लागले.

टिपणीस फुजैराच्या तेल टर्मिनलवर होते. पंप, पाइप, टाक्या आणि दाब बघणं हे काम. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहायचे. शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टला डिझेलचा वास आला की समजायचं, टिपणीस घरी आले. दाब बघायची सवय अंगातच भिनलेली. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून धारेखाली तळवा धरायचे. शारजात एका साखरपुड्याला मुलाच्या घरी हेच केलं आणि भरल्या घरात जाहीर केलं, "प्रेशर कमी आहे." लग्न झालं, पण मुलाकडच्यांनी मोटर बदलल्यावर.

दुसरी सवय निवृत्तीची. निवृत्त व्हायला पंधरा वर्षं असल्यापासून ते कुठे राहायचं ते ठरवत होते. आधी गुहागरजवळ आमराई, मग जॉर्जियात सफरचंदं, मग काही महिने केरळात हाउसबोट. दर वेळी जेवताना हात वर करून म्हणायचे, "खलास, ठरलं." त्यांच्या तोंडी याचा अर्थ एवढाच की आता पुढच्या ईदपर्यंत आपल्याला याच विषयावर ऐकायचं आहे. त्यांची बायको सुलभा दहावी-बारावीच्या मुलांना घरी गणित शिकवायची. ती मान न उचलता वह्या तपासत राहायची. मुलगा निखिल इथेच वाढलेला, त्याचं मत इंग्रजीत आणि थोडक्यात असायचं. सांबारवाडीचे फोटो बघून तो म्हणाला, "डॅड, इट्स लिटरली अ स्वॉम्प."

पण या वेळी गंमत राहिली नव्हती. टिपणिसांचं काँट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपणार, त्याबरोबर व्हिसा जाणार आणि मनखूलचा फ्लॅटही सोडावा लागणार होता. पुण्यातल्या त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू होता. चालू म्हणजे जुनी इमारत पाडून झाली होती आणि त्या जागी मोठा खड्डा होता. निखिल एका खोलीत दोन मित्रांबरोबर राहत होता. थोडक्यात, आयुष्यभर घरं शोधणाऱ्या माणसाला आता खरोखर घर नव्हतं.

सुलभाने तेव्हा वह्या बाजूला सारून आपली अट सांगितली. ती मी शब्दशः लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं. "मला आंबे नकोत, डोंगर नको, भात नको. मला काही झालं तर फोन न करता जिथे माणूस दारात येईल, तिथे मी राहीन. मग ते अजमान असो नाहीतर तुमची सांबारवाडी."

मनखूलमध्ये हे काम माझ्याकडे होतं. त्यात प्रेमाचा भाग कमी, भिंत सामाईक असण्याचा जास्त.

सांबारवाडी टिपणिसांच्या आयुष्यात आली ती सुगेंगमुळे. सुगेंग त्यांच्या टर्मिनलवर पंप चालवायचा. त्याचं हिंदी तिथल्या पठाणांकडून शिकलेलं, म्हणजे क्रियापद असलं तर नशीब. तो डब्यात चटणी आणायचा, ती टिपणिसांनी एकदा चाखली आणि त्यात वाळवलेल्या कोळंबीचा, म्हणजे सोड्यांचा, वास आला. टिपणिसांसारख्या माणसाला, ज्याच्या घरी पाहुण्याची किंमत त्याला सोड्याची खिचडी वाढली की नाही यावर ठरते, तेवढं पुरलं. "वहिनी, हे लोक आपलेच आहेत," त्यांनी मला येऊन सांगितलं. मी त्यांना सांगितलं की इंडोनेशियात परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. हे मी चहा उकळेपर्यंत फोनवर वाचलं होतं.

"इथे इतकी वर्षं राहिलो," टिपणीस म्हणाले. "इथे कुठे सातबारा आहे माझ्या नावावर?"

त्यांचा बेत भाडेपट्ट्याचा होता. सुगेंगचे काका कार्तो यांचं एक रिकामं घर खाचरांच्या कडेला होतं, ते लांब मुदतीने घ्यायचं. रुपयांत काय पडेल ते दिरहममधून तिथल्या रुपियात नेऊन परत आणायचे, आणि वाटेत शून्यं इतकी वाढायची की चेहरा उजळायचा. तिथे भाजी आणायला निघालं तरी खिशात लाख असतात, याचं त्यांना फार कौतुक होतं.

सुलभाचे सुट्टीतले क्लास होते, म्हणून जुलैत तिने मला पाठवलं. टिपणीस महिनाभर राहून बघणार होते, मी पहिला आठवडा. "तू बघून सांग," ती म्हणाली. "यांच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. यांना खड्ड्यातही व्ह्यू दिसतो." माझी रजा उरली होती, तिकीट टिपणिसांनी काढलं. मी गेले.

गाव बरं निघालं, हे आधीच सांगून टाकते. पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, त्यांतून झुळझुळ जाणारे पाट, नारळ, केळी, कौलारू घरं. पहाटे मशिदीचा भोंगा, तो आम्हाला इथेही आहे. दिवसभर कोंबडे, अंधार पडला की बेडूक. सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या तळल्या की चांगल्या लागतात. सुगेंगही रजेवर गावी आला होता, मी त्याच्या आईकडे उतरले. बाई सत्तरीच्या, पानाने रंगलेलं तोंड, भाषा फक्त जावानीज. आमचं आठवडाभर उत्तम जमलं, कारण दोघींनाही गप्पांपेक्षा कामं उरकण्यात रस.

टिपणिसांनी पोचल्याबरोबर कार्तोंच्या घरातला नळ सोडला आणि प्रेशरला उत्तम शेरा दिला. मग वास्तू. डोंबिवलीच्या एका गुरुजींना त्यांनी व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि होकायंत्र हातात धरून अंगणात फिरू लागले. गुरुजींनी विचारलं, दुपारचं ऊन कुठल्या बाजूने येतंय. टिपणिसांनी फोन वळवला. ऊन उत्तरेकडून येत होतं. आपण विषुववृत्ताच्या खाली आलो आहोत हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. गुरुजी म्हणाले, सूर्य दक्षिणेला असायला हवा, तुम्ही होकायंत्र उलटं धरलंय. टिपणिसांनी होकायंत्र उलटं धरलं. सूर्य जिथल्या तिथे. मग यमाची दिशा इथे दक्षिणच धरायची की उत्तर, देवघर कुठे आणि संडास कुठे, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी गुरुजी म्हणाले, तुमचा आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता.

अडचण वेगळीच होती. कार्तो सही करत नव्हते. ते नाहीही म्हणत नव्हते. खिडकी पूर्वेला पाडू का? हसून हो. मागे न्हाणीघर बांधू? हो. किती वर्षांचा करार करायचा? हसून हो. कागद आणू? मग चहा यायचा, सोबत उकडलेली केळी. टिपणिसांनी त्या पहिल्या तीन दिवसांत इतकी केळी खाल्ली की सुगेंगच्या आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

गावात कुठेही जेवण असलं की टिपणिसांना बोलावणं यायचं. सगळे पुरुष चटईवर मांडी घालून बसलेले, आणि त्यांच्या मधोमध लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर टिपणीस, हातात केळीच्या पानाचा द्रोण, नवरदेवाच्या रुसलेल्या मामासारखे. खाली उतरू लागले की चारजण उठून त्यांना परत बसवायचे. त्यांना आधी हा मान वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुगेंगला विचारलं, तुझे काका नेमके कशासाठी थांबलेत.

सुगेंगने पाटाकडे बघत उत्तर दिलं. "सर, कुर्सी मेहमान का. मेहमान अच्छा. एक महीना खाना, फोटो, फिर जाना. घर मेहमान को कैसे देगा? घर के साथ काम. नाली साफ करना, किसी का छप्पर, किसी का मय्यत. मेहमान को काम कौन बोलेगा?"

म्हणजे काम सांगितल्याशिवाय घर नाही, आणि पाहुण्याला काम सांगणं हा असभ्यपणा. टिपणिसांनी हे मनावर घेतलं आणि लगेच चुकीचा उपाय केला. आपण होऊन काम शोधलं. गावातल्या सगळ्यांचे नंबर जमवून पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात रंगीत तक्ता टाकला. गावाने अंगठे पाठवले, हात जोडले, फुलं पाठवली. दुसऱ्या दिवशी पाणी सोडणारा म्हातारा नेहमीच्या वेळी नेहमीच्या खाचरात पाणी सोडून घरी गेला. टिपणिसांना आणखी एक खुर्ची मिळाली, पाटाच्या कडेला.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी घर उचलायचं होतं. खरोखर उचलायचं. रस्ता रुंद होणार होता, म्हणून सुगेंगच्या चुलतभावाचं लाकडी घर मागच्या मोकळ्या जागेत न्यायचं ठरलं. कौलं उतरवली, घराखाली आडवे-उभे बांबू बांधले, आणि गावातले सगळे बाप्ये खांदा द्यायला जमले. बायका भात शिजवत होत्या. टिपणीस फणसाखाली खुर्चीवर, हातात चहा. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खुर्ची दोनदा पुढे सरकवली.

यात त्यांचा दोष नाही. पुण्यात उमेदीची वर्षं गणपतीच्या मांडवात काढलेल्या माणसासमोर पन्नास लोक काहीतरी जड उचलताहेत आणि ओरडायला कुणी नाही, हे बघवणं अशक्य. ते लोक एकमेकांकडे नुसतं बघत होते. पहिला झोक फुकट गेला. टिपणीस उठले, कप माझ्या हातात दिला, आणि पोटातून आवाज काढला, "होऽऽ हैश्शा!"

सगळा गाव वळला. मग कुणीतरी हसत तो शब्द परत म्हणून पाहिला. दुसऱ्या हाकेला पन्नासजणांनी हैश्शा केलं आणि घर वर आलं. टिपणिसांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी निखिलच्या पदवीदानालाही पाहिलं नव्हतं. ते धावत घराच्या पुढे गेले, घराकडे तोंड करून उलटे चालू लागले, आणि टर्मिनलवर टँकर मागे घेताना करतात तसे दोन्ही हात आपल्याकडे ओढू लागले. "आने दो, आने दो, आने दो. सुगेंग, राइट. आने दो."

घर आलं. टिपणीस मागे बघत नव्हते. बांध आला, त्यावर त्यांची टाच लागली, आणि ते सरळ पाठीवर खाचरात गेले. पडल्या जागी हात मात्र चालूच होते, आणि तोंडानेही आने दो चालू होतं. पुढच्या फळीला घरामुळे पायाखालचं दिसत नव्हतं, ते हाकेवर भरवसा ठेवून चालत राहिले. घराचा एक कोपरा बांधावर चढला, बांध फुटला, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात धो धो गेलं, आणि त्या पाण्याबरोबर टिपणिसांची ती शिस्तीची बदकं कर्कश ओरडत चारी दिशांना पांगली.

घर तिरकं उभं होतं, एका खिडकीतून कॅलेंडर लोंबत होतं. टिपणीस चिखलात बसले होते. पहिली हसली ती सुगेंगची आई. ती हसता हसता जमिनीवर बसली, आणि नंतर कुणालाच आवरेना. हसून झाल्यावर त्या लोकांनी घर पुन्हा उचललं आणि काही न ओरडता जागेवर नेऊन ठेवलं.

टिपणिसांची पाठ धरली होती. त्यांना कार्तोंच्या घरी नेऊन पालथं झोपवलं. मी गोळी शोधत होते तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. सुगेंगची आई आली, तिच्यामागे आणखी दोघी, मग चौघी. एकीकडे आल्याचा काढा, एकीकडे तेल. मला बाजूला सारून म्हाताऱ्या बाईंनी टिपणिसांचा शर्ट वर केला आणि एका नाण्यासाठी हात पुढे केला. तेल लावून नाण्याने पाठ ओढायची हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय. टिपणिसांच्या खिशात दिरहम सापडला. पाठीच्या मणक्यापासून दोन्हीकडे तिरक्या लालभडक रेघा उमटत गेल्या, आणि टिपणीस प्रत्येक रेघेला आईला हाक मारत होते.

नेमका तेव्हा सुलभाचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा त्यांच्या पाठीवर धरला. विचार न करता धरला, हे कबूल.

"कुणी मारलं यांना?" सुलभा म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष पाठीकडे नव्हतं. मागे बायका चटया पसरत होत्या, एकीने चूल पेटवली होती, एक दाराला टेकून काढा गाळत होती.

"मंगल, या बायकांना कुणी बोलावलं?"

"कुणी नाही."

"तू नाही?"

"मला त्यांची भाषा येते का?"

मग तिने मला त्या बायकांसाठी निरोप सांगायला सुरुवात केली आणि मध्येच म्हणाली, राहू दे, मी आल्यावर सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन निघाले तेव्हा कार्तो दारात उभे होते. या वेळी केळी नव्हती. खांद्यावर फावडं होतं, हातात दुसरं. त्यांनी ते टिपणिसांच्या पुढे धरलं आणि फुटलेल्या बांधाकडे हनुवटीने दाखवलं. टिपणीस वाकडे चालत, कमरेवर हात ठेवून, लग्नाला निघाल्यासारखे निघाले. बांध नीट होईपर्यंत गावाने त्यांच्याकडून काम करून घेतलं, आणि सुगेंग नंतर फोनवर सांगत होता की वाईट झालेला भाग त्यांना दोनदा उकरून परत घालायला लावला. त्यानंतर कार्तोंनी सही केली. निवृत्तांच्या व्हिसाचे कागद झाले. सप्टेंबरच्या शेवटी मनखूलचा फ्लॅट रिकामा झाला, आणि सुलभा, नुसतं बघून येते, असं म्हणून कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन गेली. बाकीची भांडीकुंडी माझ्या स्टोअरमध्ये. निखिलने पैज लावली होती की आई दिवाळीला परत.

दिवाळी झाली. आज मी बाल्कनी धुऊन पाय वर घेऊन बसले आणि तिचा फोन आला. परवा शेजारी लग्न होतं, ती सांगत होती. पाहुणी म्हणून नवी साडी नेसून गेली, तर एकीने हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि नारळांच्या ढिगासमोर बसवलं. दिवसभर खोबरं किसलं. त्यांची किसणी म्हणजे खिळे मारलेली फळी, निम्मी बोटं सोलली जातात.

"तर माझी विळी पाठव," ती म्हणाली. "खोवणीची, पितळी फुलाची. पुढच्या महिन्यात अजून एक लग्न आहे, मी हो म्हणून बसले आहे."

तिच्यामागे टिपणीस दिसले. काळे पडलेत, पोट गेलंय. कमरेला लुंगी, डोक्याला पंचा, दोन्ही हातांत चिखलाचे गोळे. मी हाक मारली. त्यांनी फोनकडे पाहून तोंड उघडलं, बहुतेक खलास ठरलं म्हणणार होते, पण बाहेरून कुणीतरी दरडावून "पाक तिप", म्हणजे टिपणीसराव, असं ओरडलं आणि ते तसेच पळाले.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी स्टोअरमधून विळी काढली, पात्याला पुठ्ठा गुंडाळला आणि जवळच्या करामा भागातल्या कार्गोच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पेशावरच्या मुलाने पुठ्ठा सोडून बघितला आणि दोन पावलं मागे सरकला. "बाजी, ये कौन सा हथियार है? पार्सल पे क्या लिखूँ?" मी तोंडाने सांगून पाहिलं, त्याला पटेना. रांगेत मागे चारजण होते. मग मी पर्स त्याच्या काउंटरवर ठेवली, विळी जमिनीवर मांडली, गुडघा तिच्यावर रोवून खाली बसले, आणि शेजारच्या दुकानातून एक नारळ आणायला सांगितलं.